आवाज : काही नाही

भर दुपारी, ऑफिसच्या मधोमध, ती घडीच्या खाटेवर डोळे मिटून आडवी पडली होती. चपला खाली जोडून ठेवलेल्या, मनगटावरचं घड्याळ काढून उशाशी. तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि कुणीतरी चाचरत म्हणालं, "बंद आहे का… नंतर येऊ?"

तिने डोळे न उघडता एक बोट वर केलं. "चार मिनिटं राहिलीत. बसा."

आलेला माणूस मुकाट्याने बसला. तिने एकदा कूस बदलली, खाट कुरकुरली. चार मिनिटं झाल्यावर ती उठली, चपला पायांत सरकवल्या, टेबलापाशी जाऊन एका कार्डावर लिहिलं – 'जादा खाट. कूस बदलताना कुरकुर. लहान मुलांना चालेल.' – आणि मगच वर बघितलं.

समोर एक उंच, किडकिडीत तरुण होता. हातात चष्म्याची डबी.

"तुमच्या मालकांचा चष्मा झालाय," तो म्हणाला. "दोन दुकानं सोडून माझं दुकान आहे. एरवी ते स्वतः येतात, पण चष्म्याशिवाय रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणाले."

"मी झोपले नव्हते," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?"

"चेहरा म्हणतोय."

"चेहरा माझा तसाच आहे हो. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. सगळ्यात खालची ओळ धड कुणालाच दिसत नाही, पण सगळे दिसते म्हणतात. मी ऐकून घेतो… त्याने चेहरा असा झालाय."

तिला हसू आलं, पण ते तिने मालकांच्या फायलीआड लपवलं. तो डबी ठेवून निघाला आणि जाताना त्याने काचेचं दार हाताने धरून, अगदी हळू, जागेवर आणून सोडलं. त्या दाराची स्प्रिंग भारी होती. येणारा-जाणारा ते धाडकन आपटायचा आणि दर वेळी तिचं अक्षर हलायचं. आवाज न करता दार लावणारं हे पहिलंच गिऱ्हाईक, हे तिच्या लक्षात राहिलं.

तेव्हा खिशात फोन नव्हते. शहरापासून दोन तासांवर मोठं थीम पार्क होतं. आकाशपाळणे, रोलर कोस्टर, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं. पार्कच्या आतली हॉटेलं पैसेवाल्यांची, आणि फाटकाबाहेरची वीसेक हॉटेलं वर्षभर पै-पै बाजूला टाकून मुलांना एकदा तरी नेऊ म्हणणाऱ्यांची. तिचं ऑफिस या दुसऱ्या लोकांना खोल्या ठरवून द्यायचं. सगळ्या हॉटेलांच्या छापील पत्रकांवर एकच निळाशार तलाव होता. बहुतेक एकाच छायाचित्रकाराने काढलेला.

म्हणून तिने स्वतःपुरता एक नियम केला होता. ज्या खोलीत आपण पंधरा मिनिटं गप्प बसलो नाही, ती खोली गिऱ्हाइकाला द्यायची नाही. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, एक शब्द बोलायचा नाही, नुसतं ऐकायचं. मग कार्ड भरायचं. त्यावर चार रकाने असत : पाणी, गादी, चालणं, आवाज. आणि हे सगळं पार्क चालू असेल त्या दिवशीच करायचं. मंगळवारी पार्कला सुट्टी असायची, तेव्हा तिथे गेलं तर सगळीच हॉटेलं देवघरासारखी शांत वाटतात. मालक तिला 'पंधरामिनिटेबाई' म्हणायचे. आधी चिडवून, मग कौतुकाने. कारण तिने पाठवलेलं एकही कुटुंब भांडायला परत आलं नव्हतं. दिसायला ती चारचौघींसारखी होती, शिक्षण जेमतेम, आई-वडील लहानपणीच गेलेले, मावशीकडे वाढलेली. पण तिचा शब्द म्हणजे शब्द, हे मात्र सगळी गल्ली मानायची. आजही तिच्या भाच्या फोनवर चार-साडेचार तारे दाखवून 'हे घेऊ का गं?' म्हणून विचारतात, तेव्हा ती चष्मा वर सरकवत एवढंच विचारते, "बघून आले ते कुठल्या वारी?" भाच्या हसतात.

चष्मेवाला तिसऱ्या दिवशी परत आला. या वेळी हातात डबी नव्हती.

"मालक नाहीत," ती म्हणाली.

"मालकांकडे काम नाही. पंधरामिनिटेबाईंकडे आहे."

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मालकांनीच. चष्मा लावून बघितलं आणि पहिलं वाक्य तुमच्याबद्दल बोलले. आता चष्म्याचा गुण म्हणायचा की तुमचा…"

"काम काय आहे?"

तो बसला आणि एकदम साधा झाला. घरची सात माणसं : आई, बाबा, दादा, वहिनी, दादाची दोन मुलं आणि तो. सुट्टीत पार्कला जायचं होतं, दोन दिवस. स्वस्तातली पण एकत्र राहता येईल अशी खोली हवी होती.

"आम्ही लहान होतो तेव्हा बाबांनी कबूल केलं होतं," तो म्हणाला. "दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. कधी जमलंच नाही. आता ते विसरायला लागलेत. जेवलो की नाही ते विसरतात, घरचा रस्ता विसरतात. पण हे एवढं विसरत नाहीत. रोज सकाळी उठून विचारतात, आपण पार्कला कधी जायचं रे? मुलांना कबूल केलंय मी." त्याने खुर्ची जरा पुढे ओढली. "डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर याच वर्षी न्या. अजून ते आम्हाला ओळखतात. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही."

तिने कोरं कार्ड ओढलं. "आणखी काही?"

"एकच. जागा शांत हवी. एकदम आवाज झाला की ते पार बावरतात. घरात कुणाच्या हातून दार आपटलं तरी टेबलाखाली जाऊन बसतात, आणि बाहेर काढलं की तासभर कुणाला ओळखत नाहीत. बाकी नळाला पाणी नसलं तरी चालेल, मी खालून बादल्या आणेन. पण आवाज नको."

तिने कार्डावरच्या 'आवाज' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. त्या दाराचं कोडंही तिला उलगडलं.

पहिल्या दोन खोल्या बघायला ते दोन रविवारी गेले. त्याने दुकानावर चुलतभावाला बसवलं होतं. खरं तर गिऱ्हाइकाला बरोबर न्यायची रीत नव्हती. पण 'बाबांचं मला माहीत, तुम्हाला कसं कळणार?' असं तो म्हणाला, आणि तिला ते पटलं. पटायला फार वेळ लागला नाही.

पहिल्या हॉटेलात दार सताड उघडं ठेवून, दारात चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईच्या साक्षीने, दोघं दोन खुर्च्यांवर गप्प बसले. सातव्या मिनिटाला वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवला. दोघांनी एकदम एकमेकांकडे बघितलं आणि एकदम नकारार्थी मान हलवली. चादरवाली बाई म्हणाली, "नवरा-बायकोचं एवढं एकमत मी पहिल्यांदा बघतेय." पुढची आठ मिनिटं तिला काही ऐकू आलं नाही. कान नुसते गरम झाले होते.

दुसऱ्या हॉटेलात पाणी चांगलं, गादी चांगली, पण खाली कपडे धुण्याचं यंत्र. येताना बसमध्ये तो म्हणाला, "तुम्ही कानांनी जगता आणि मी डोळ्यांनी. दोघं मिळून एक धड माणूस होईल."

"आणि तोंड?"

"ते तुम्ही पंधरा मिनिटं बंद ठेवायला लावता."

"बाकीचा दिवस तर मोकळाच असतो की तुमचा."

"हो ना… पण मला जे बोलायचं असतं, ते नेमकं त्या पंधरा मिनिटांतच सुचतं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बस वळली की त्याचा खांदा तिच्या खांद्याला हलकेच लागायचा आणि तो 'माफ करा' म्हणायचा. शेवटच्या वळणावर म्हणाला नाही.

तिसऱ्या हॉटेलात सुट्टीच्या आठवड्यात एकच खोली उरली होती. हॉटेलवाला शनिवारपर्यंत ती धरून ठेवायला तयार होता. त्या आठवड्यात चुलतभाऊ गावाला गेलेला. "मंगळवारी माझं दुकान बंद असतं," चष्मेवाला म्हणाला. "अख्खा दिवस आपलाच." आणि ती… जिने सहा वर्षांत एकदाही मंगळवारी खोली बघितली नव्हती… ती म्हणाली, "चालेल."

तिसरा मजला, कोपऱ्याची जोडखोली. मधे दार असलेल्या दोन खोल्या, स्वच्छ भिंती, मऊ गाद्या. खिडकीबाहेर झाडांची रांग, तिच्या फांद्यांमधून रोलर कोस्टरचे उंच रूळ दिसत होते. रुळावर एक पक्षी पंख खाजवत बसला होता. इतकी शांतता की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. दोघं खुर्च्यांवर बसले. अकराव्या मिनिटाला तो म्हणाला, "बोलू?"

"नाही."

"नियम मोडत नाही, डोळे तपासतोय. त्या रुळाखालच्या पाटीवर काय लिहिलंय, वाचा."

तिने डोळे बारीक केले. "…सावधान, असं काहीतरी."

"'रांगेत उभे राहा.' तुम्हाला चष्मा लागलाय."

"दिसतंय मला."

"सगळे असंच म्हणतात." तो हसला. "दिसत नाही म्हणायला इतकं लाजतात का लोक? मी काय खाणार आहे?… या दुकानात. तुमचे मोफत तपासतो."

"मावशी तुमच्या दुकानात येऊन गेली. मागच्याच आठवड्यात. चष्मा करायला टाकलाय म्हणाली."

"माहीत आहे. अर्धा तास बसल्या होत्या. मी किती शिकलोय, घर स्वतःचं आहे का, सगळं विचारून घेतलं. डोळे तपासायचे राहिलेच असते."

तिने ओढणीत तोंड लपवलं आणि घड्याळाकडे बघितलं. पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. चेहरा सावरायला म्हणून तिने कार्ड आणि पेन्सिल त्याच्यापुढे धरली. "आज तुम्ही भरा."

तो एकेक रकाना मोठ्याने म्हणत लिहू लागला. "पाणी : भरपूर. गादी : मऊ. चालणं : लिफ्ट आहे. आवाज…" त्याने मान तिरकी करून ऐकलं. पक्षी उडून गेला. "काही नाही." मग पेन्सिल परत करताना म्हणाला, "आठवं माणूस मावेल का हो इथे?"

"तुम्ही सातच आहात ना?"

"या वर्षी सात."

तिने कार्ड पर्समध्ये टाकलं. जिना उतरताना मात्र तिची सवय जागी झाली. "आज पार्क बंद आहे," ती म्हणाली. "रूळ जवळ आहेत. गुरुवारी मी एकटी येऊन पुन्हा ऐकते, मगच पक्कं करू."

"तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही ऐकलंत की झालं."

बुधवारी रस्त्यात भेटला तेव्हा सहज म्हणाला, "मावशींचा चष्मा उद्या होतोय. दुपारी ऑफिसात आणून देऊ का… जमलं तर?" आणि ती, जिला गुरुवारी नऊच्या बसने जायचं होतं, मान डोलावून मोकळी झाली.

गुरुवारी सकाळी ती बसथांब्यापर्यंत गेलीही. बस आली. परत यायला संध्याकाळचे पाच वाजणार. तोवर तो येऊन, रिकामी खुर्ची बघून, डबी मालकांच्या हाती देऊन जाईल. कंडक्टरने विचारलं, "येताय का बाई?" ती म्हणाली, "नाही… उद्या." आणि ऑफिसात येऊन बसली. आवडता ड्रेस घातलेला, समोर एक फाईल उघडी. दार आपटलं की मान वर व्हायची. दिवसभरात ते बावीस वेळा आपटलं. हळू एकदाही लागलं नाही. सहाला तिने कुलूप लावलं.

शुक्रवारी सकाळीच तो आला. "काल यायचं ठरवलं होतं," डबी पुढे करत तो म्हणाला, "मग आठवलं, तुम्ही तर तिकडे गेला असणार. उगाच मालकांसमोर काय यायचं?" आणि मग, डोळ्यांत डोळे घालून, विश्वासाने : "ऐकलंत?"

एका वाक्याचं काम होतं. मी गेले नाही, तुमची वाट बघत बसले. पण असं वाक्य त्या काळी मुली बोलत नसत. बोललं तर उरतं काय, असं त्यांना वाटायचं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हो," ती म्हणाली. "शांत आहे."

त्याने समाधानाने श्वास सोडला. "झालं तर मग."

त्या दिवशी दुपारच्या बसने जाता आलं असतं. पण मालक लग्नाला गेलेले, ऑफिस एकटीवर. शनिवार उजाडला. मधे झाडं आहेत की, ती स्वतःला म्हणाली. आणि पार्कपासून दूर असलेली तरी कुठली हॉटेलं आहेत? तिने खोली पक्की केली.

ते गेले त्या दिवशी ती सारखी घड्याळ बघत होती. आता पोचले असतील. आता बाबा खिडकीत उभे असतील. चार दिवस झाले, आठ झाले, तो आला नाही. मालकांनी कुठूनसं ऐकून आणलं. "चष्मेवाल्याची मंडळी दुसऱ्याच दिवशी परत आली म्हणे. म्हाताऱ्याचं काहीतरी झालं." तिने विचारायला जायचं ठरवलं आणि त्याच्या दुकानावरून तीनदा पुढे निघून गेली.

सतराव्या दिवशी ऑफिसचं दार हळू उघडलं, आणि हळू लागलं.

तो बसला. दाढी वाढलेली होती. बराच वेळ त्याने टेबलावरचा घडीचा कागद उलटसुलट केला, मग सांगू लागला. आवाज न चढवता, जसं दुसऱ्याच कुणाच्या घरातलं सांगावं.

"सकाळी दहाला त्या रुळांवरून पहिली गाडी सुटली. झाडांच्या पलीकडून नाही, झाडांच्या वरून. खिडकीच्या उंचीला. चाळीस माणसं एकदम किंचाळत येतात आणि जातात. चार मिनिटांनी परत. बाबा आरशासमोर भांग पाडत होते, नातवाला म्हणत होते, चल, उशीर होतो. पहिल्या गाडीला टेबलाखाली गेले. आम्ही खिडक्या लावल्या, कानांवर उशा धरल्या. दादा दुसरी खोली मागायला खाली धावला, तर सगळं भरलेलं. मी त्याच्यामागे गेलो, दोन मिनिटं. तेवढ्यात ते कुठून निसटले, कळलंच नाही."

"सापडले?" तिने विचारलं.

"संध्याकाळी. तिकिटाच्या रांगेत. दोन्ही कानांवर हात घेऊन उभे होते. रांग संपली की परत मागे जाऊन उभे राहायचे म्हणे. मी हात धरला तर म्हणाले, 'तुम्ही मागे उभे राहा हो. माझी मुलं यायचीत, त्यांच्यासाठी थांबलोय.'" त्याने कागदाची घडी उलगडून पुन्हा घातली. "मला तुम्ही म्हणाले. अजूनही तुम्हीच म्हणतात. या वेळी तासाभराने काही आठवलं नाही. आणि सकाळी पार्कचं विचारणं, तेही थांबलं."

रस्त्यावरून कुणीतरी ओरडत गेलं.

"घरात वहिनी बोलली," तो पुढे म्हणाला. "त्या मुलीने बघितलं तरी काय होतं म्हणून. मी भांडलो तिच्याशी. म्हटलं, ती खास गुरुवारी जाऊन ऐकून आलीय. त्या दिवशी ती गाडी नादुरुस्त असेल. तिचा शब्द म्हणजे शब्द, अख्खी गल्ली सांगते. शेवटी आई म्हणाली, मग घेऊन तरी ये तिला एकदा." तो पहिल्यांदा हसला, वाईट हसला. "बाबांना नवीन माणूस चालेल का विचारलं, तर म्हणाली, त्यांना आता सगळीच नवीन. त्यात एक आठवं… आज संध्याकाळी याल?"

तिने टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरले. नुसतं 'येते' म्हणायचं होतं. हा माणूस तिच्यासाठी घरात भांडला होता. पुढे त्याच घरात ती दार हळू लावायला शिकली असती, त्या म्हाताऱ्यांना रोज आपलं नाव नव्याने सांगितलं असतं, आणि गुरुवारचं कुणालाही, कधीही कळलं नसतं. आणि रोज कुणीतरी म्हणालं असतं, हिचा शब्द म्हणजे शब्द.

"मी गेले नव्हते," ती म्हणाली.

"कुठे?"

"गुरुवारी. त्या खोलीत. बसथांब्यावरून परत आले. तुम्ही दुपारी येणार म्हणाला होतात… तुमची वाट बघत इथेच बसले होते. सहा वाजेपर्यंत."

तो बघत राहिला.

"शुक्रवारी तुम्ही विचारलंत तेव्हा तेच सांगायचं होतं. सांगायची लाज वाटली."

कुणीतरी 'तुमची वाट बघत होते' असं पहिल्यांदा म्हणतं, ते ऐकण्यासाठी माणूस काय काय करतो. त्याने तर सात आठवडे वाट बघितली होती. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला. काचा स्वच्छच होत्या.

"मी दुकानात बसून हिशेब करत होतो," तो हळूच म्हणाला, "तुमची बस परत केव्हा येईल त्याचा. पाचला थांब्यावर आलो होतो, लांबून बघायला. दिसला नाहीत. वाटलं, गर्दीत चुकलो."

तिने ड्रॉवर अर्धवट उघडला, पुन्हा लावला.

"रोज माणसं येतात, खालची ओळ दिसते म्हणून सांगतात. मला लगेच कळतं." त्याने चष्मा घातला. "तुमच्या वेळी नाही कळलं."

"मी घरी येऊन आईंना सांगते. वहिनींनाही. माझ्या तोंडाने."

"नको." मग जरा वेळाने, "मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग नाही येत. पण तुमच्याकडे बघितलं की ती गाडी ऐकू येते हो… काय करू?"

तो उठला. ड्रॉवरमध्ये ते कार्ड होतं, त्याच्या अक्षरातलं, ते आजही तिच्याकडे आहे. त्यात तिने कधी खाडाखोड केली नाही. दुसरं कार्ड तिने पुढच्या गुरुवारी त्या खोलीत बसून, चार वेळा गाडी ऐकून, नव्याने भरलं आणि ऑफिसात लावलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी तो दाराशी गेला. तिला वाटलं, आज तरी आपटेल. आपटावं, काच फुटावी, मालकांनी आतून धावत यावं. त्याने दार ओढून घेतलं, दोन्ही हातांनी सांभाळून जागेवर आणलं, आणि सोडलं.

ती कान देऊन बसून राहिली.